आरवायचे तरी कोणत्या अंगणात?

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या सूचनाफलकावर एक कागद डकवण्यात आला. वसाहतीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण कोणाची नालस्ती करण्याचा आमचा हेतू नाही. सीबीडी बेलापुरातील, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याची, बैठ्या घरांची ती एक वसाहत आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. कागदावरचा मजकूर थोडक्यात असा: घराच्या आवारात कोंबड्या पाळल्याने आवाज, दुर्गंधी व रोगराई यांचा उपद्रव होत आहे; सबब संबंधित सभासदांनी पंधरा दिवसांच्या आत आपले पक्षी हलवावेत, अन्यथा दंड आकारण्यात येईल. 'संबंधित सभासद' हे शब्द अनेकवचनी असले तरी कोंबड्या पाळणारे घर वसाहतीत एकच आहे आणि ते आमचे आहे.

कागदाखाली एकोणीस सह्या होत्या. त्यांतल्या चार आम्ही ओळखल्या. दर रविवारी मिस्सामध्ये शांतीची खूण देताना ज्यांच्याकडे वळून आम्ही हात जोडतो, त्यांच्या त्या सह्या होत्या. आम्हाला वाईट वाटले ते सह्यांचे नव्हे. तक्रार करण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहेच. वाईट याचे वाटले की आमच्या दारापर्यंतची वीस पावले चालून 'तुमचा कोंबडा फार लवकर ओरडतो हो,' एवढे एक वाक्य त्यांपैकी कोणालाच बोलावेसे वाटले नाही. परसातली अंडी मात्र त्यांपैकी दोन घरी नियमाने जात होती.

म्हणून हा लेख. आमच्या कोंबड्यांपुरतेच बोलायचे असते तर संस्थेला एक पत्र लिहून भागले असते. पण मुंबई, ठाणे, वसई, पनवेल अशा सर्व बाजूंनी आपली धर्मग्रामे आता नगरांत विरघळत चालली आहेत, आणि आपल्या आजोळच्या अंगणात जे जे होते ते एकेक करून 'उपद्रव' या सदरात मोडू लागले आहे. तेव्हा हा प्रश्न वाचकांपुढे मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम या उपद्रवी मंडळींची ओळख करून दिली पाहिजे. आमच्या परसात आठ कोंबड्या आहेत आणि गेल्या महिन्यापर्यंत एक कोंबडा होता. आठांपैकी दोन गावठी. एक तांबडी, एक कवडी. दोन गिरिराजा, म्हणजे बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या जातीच्या, अंगाने थोराड. एक वनराजा, ती हैदराबादच्या संशोधन संस्थेची देणगी. दोन ऱ्होड आयलंड रेड, मूळच्या अमेरिकेतल्या. आणि एक कडकनाथ, झाबुआकडची, पिसांपासून हाडांपर्यंत काळी. तिच्या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी तिला त्याचा गर्व झालेला दिसत नाही. असा हा संमिश्र कळप. एकाच जातीचे पक्षी पाळणे सोपे असते. त्यांचे खाणे एक, वाढ एक, स्वभाव एक. संमिश्र कळपात रोज नवा प्रश्न उभा राहतो आणि रोज नवे शिकायला मिळते.

कोंबड्यांत पायरीपायरीने मान ठरलेला असतो. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूटपणे टोचून घ्यायचे याचा हा क्रम नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे या संशोधकाने १९२०च्या दशकात जगापुढे मांडला. आमच्या आईंना तो लहानपणापासून ठाऊक होता, फक्त त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नाही. आमच्याकडे पहिली पायरी धिप्पाड गिरिराजाची असेल असे कोणालाही वाटेल. ती आहे कवडीची, वजनाने जेमतेम निम्म्या असलेल्या गावठी कोंबडीची. नवा पक्षी आणला की त्याला आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावे लागते; एकमेकांना पाहू द्यायचे, पण चोच लागू द्यायची नाही. एकदम सोडला तर रक्त निघते, आणि रक्त दिसले की उरलेल्याही टोचू लागतात. माणसांच्या वसाहतीत नवे बिऱ्हाड आल्यावर काय होते, याचा विचार आम्ही त्या वेळी पुष्कळ केला.

दाण्याचे त्रांगडे वेगळेच. अंड्यावर आलेल्या कोंबडीला कवचासाठी चुना लागतो. तोच चुना लहान पिलांच्या पोटात जास्त गेला तर त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून दाणा सर्वांना साधा द्यायचा आणि कुटलेले शिंपले वेगळ्या वाडग्यात ठेवायचे. ज्यांना गरज असते त्या आपण होऊन तिकडे जातात. गिरिराजा जड, तिला उडता येत नाही, म्हणून मांजराचे भय तिला; गावठी चपळ, म्हणून ती संध्याकाळी खुराड्याऐवजी शेजारच्या झाडावर जाऊन बसते आणि तिला उतरवायला घरातला कोणी तरी शिडी घेऊन निघतो. डोंगरावरून मुंगूस येते. पावसाळ्यात खुराड्यातला भुसा ओला राहिला तर पिलांना रक्ती हगवण लागते, म्हणून जून ते सप्टेंबर भुसा रोज हलवणे हे आमच्या घरातले एक व्रतच झाले आहे.

दुःखाचे दिवसही सांगितले पाहिजेत. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मानमोडीने आमचे सात पक्षी चार दिवसांत नेले. माना मुरगळलेल्या, पाय लटके पडलेले. ते पाहवत नाही. याच रोगाला शास्त्रात रानीखेत म्हणतात, कारण आपल्या देशात तो १९२७ मध्ये कुमाऊंतल्या रानीखेत येथे प्रथम नोंदवला गेला. त्याला औषध नाही, लस आहे. आणि लस देण्यात चालढकल आम्हीच केली होती. चालढकलीचे कारणही सांगतो. लसीची लहानात लहान कुपी मिळते तीच शंभर पक्ष्यांची, आणि एकदा विरघळवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. आठ-नऊ पक्ष्यांसाठी शंभरांची कुपी फोडायची म्हणजे जिवावर येते. त्या आपत्तीनंतर आम्ही जवळच्या गावठाणातल्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांशी ठरवून टाकले: एक दिवस, एक कुपी, सर्वांचे पक्षी. आज त्या घरांशी आमचा जो घरोबा आहे तो या कुपीने जोडलेला आहे. पंधरा वर्षे एका रस्त्याच्या दोन बाजूंना राहून जे घडले नव्हते ते लसीच्या एका थेंबाने घडवले.

आणि सुख? ऱ्होड आयलंड रेड वर्षाला अंडी पुष्कळ देते, पण अंडे घातले की ते विसरते. उबवण्याची बुद्धी तिच्या वंशातून माणसाने जवळजवळ काढूनच टाकली आहे. गावठी कोंबडी अंडी थोडी देते, पण खुडुक झाली की जिवावर उदार होऊन बसते. दोन वर्षांपूर्वी आमची तांबडी खुडुक झाली तेव्हा तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. स्वतःची दोन, उरलेली परक्यांची. एकवीस दिवस ती दिवसातून एकदाच, पाच-दहा मिनिटांसाठी उठे. सात पिले निघाली; पिवळी, काळी, तपकिरी. त्यांतले आपले कोणते आणि परके कोणते, हे तिने एकदाही तपासले नाही. घारीची सावली अंगणावरून सरकली की सातही तिच्या पंखांखाली. यरुशलेम नगरीकडे पाहून प्रभूने स्वतःला कोणाची उपमा दिली होती, हे वाचकांना सांगायला नको. सिंहाची नाही, गरुडाची नाही. ती उपमा आमच्या नातवंडांना आम्ही समजावून सांगितली नाही. त्यांनी ती अंगणात पाहिली. सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला ती कशी समजावायची, याचे उत्तर सूचनाफलकावर कागद लावणाऱ्यांनी द्यावे.

आता आरोपांकडे वळू. पहिला आवाजाचा. येथे आम्ही आमची चूक पदरात घेतो. कोंबडा पहाटे साडेचारला आरवत असे आणि ज्याला रात्रपाळी करून यायचे आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला तो त्रासच होता. कोंबडा उजेड पाहून आरवतो असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की त्याच्या शरीरातच घड्याळ असते आणि अंधारात ठेवले तरी तो वेळेवर आरवतो. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' असे आपण म्हणत आलो. कोंबडा झाकला म्हणून त्याचे आरवणेही राहत नाही, हा त्यातला दुसरा अर्धा भाग आहे. तेव्हा आम्ही तो कोंबडा उरणच्या नातलगांकडे नेऊन दिला. पेत्राला त्याचा दुबळेपणा दाखवून देणारा पक्षी आमच्या घरातून गेला याची रुखरुख आहे, पण तक्रार नाही. आणि पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगतो: अंडी घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही. कोंबडा गेला, अंडी चालूच आहेत. फक्त त्यांतून पिले निघणार नाहीत.

पण मग आवाजाचा न्याय सर्वांना सारखा लागू होऊ द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वरातीचे ढोलताशे, दिवाळीचे बाँब, आणि हो, आपल्या सणाच्या रात्री वाजणारे आपले फटाके यांपैकी कशासाठी सूचनाफलकावर एकोणीस सह्यांचा कागद लागलेला आम्ही पाहिला नाही. खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, विमाने उडू लागली. वसाहतीने त्याचे पेढे वाटले. विमान हा विकास आणि कोंबडा हा उपद्रव, हे गणित मांडणाऱ्यांनी ते आवाज मोजून मांडलेले नाही. प्रतिष्ठा मोजून मांडले आहे.

दुसरा आरोप दुर्गंधीचा. हा आरोप कोंबड्यांवर नाही, पाळणाऱ्यावर आहे, आणि तो पाळणाऱ्याने पुसून टाकला पाहिजे. कोरडा भुसा, वरून राख, आठवड्याला खुराडे रिकामे करून ते सारे वाळक्या पानांबरोबर खड्ड्यात. काही महिन्यांनी त्याचे उत्तम खत होते. ताजी विष्ठा मात्र झाडाला घालू नये, मुळे जळतात. उंदीर-घुशी येतात त्या कोंबड्यांसाठी नव्हे, रात्री उघड्या राहिलेल्या दाण्यासाठी. म्हणून सूर्यास्ताला दाणा पत्र्याच्या डब्यात. ज्याला एवढे करणे होत नाही त्याने कोंबडी पाळू नये, असे आम्हीही म्हणू. आमच्या घरातला ओला कचरा, भाजीचे देठ, उरलेला भात, हे सारे परसातच संपते. वसाहतीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी उभे राहून कोणाच्या घराचा वास अधिक येतो, याची परीक्षा व्हायला आमची हरकत नाही.

तिसरा आरोप रोगराईचा. तो सर्वांत गंभीर आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे हा अपराध ठरेल. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला, आणि तो सापडला मोठमोठ्या पोल्ट्रींमध्ये. जानेवारी २०२५ मध्ये तो आमच्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी निघाला, आणि तेथे तो परसातल्या कोंबड्यांत निघाला. अशा वेळी एक किलोमीटर परिघातले सर्व पक्षी नष्ट केले जातात. तेव्हा परसातली कोंबडी निर्धोक आणि पोल्ट्रीतली तेवढी धोक्याची, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की धोक्यावर उपाय शिस्त हा आहे. पक्षी जाळीखाली, बगळ्या-कावळ्यांचा संपर्क नाही. खुराड्यात जाताना वेगळ्या चपला, बाहेर आल्यावर साबणाने हात. एकाएकी दोन पक्षी मेले तर पुरून गप्प न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी. हे नियम वसाहतीने आम्हाला घालून द्यावेत. आम्ही सही करून देऊ.

परंतु रोगाची भीती जर खरी असेल तर ती ताटापर्यंत यायला हवी. ज्या घरांतून सह्या झाल्या त्या घरांत कोंबडी शिजत नाही असे नाही. रविवारी मिस्साहून परतताना दुकानापुढची रांग आम्ही पाहतो. त्या रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होणारा तो पक्षी कोठे वाढला, काय खाऊन वाढला, हे आपण विचारत नाही. माणसासाठी अखेरचा आधार म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास जात होते, म्हणून केंद्र सरकारला जुलै २०१९ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबडीला किमान किती जागा असावी, याचा २०२३च्या केंद्रीय नियमांतला आकडा ५५० चौरस सेंटिमीटर आहे. कार्यालयात टंकलेखनाला वापरतात तो कागद याहून मोठा असतो. त्या जागेत तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, राखेत लोळता येत नाही. तिचा आवाज आपल्या उशीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती आपल्याला उपद्रव वाटत नाही. आमचा खरा आक्षेप येथे आहे. आपल्याला कोंबडी हवी आहे. ती जिवंत आहे याची आठवण तेवढी नको आहे.

आम्ही शाकाहारी नाही आणि कोंबड्यांवर कविता करणारेही नाही. अंडी थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचे आम्ही काय करतो, हा प्रश्न आम्हाला एका बाईंनी मोठ्या कुत्सितपणे विचारला. उत्तर सरळ आहे. सणाला आम्ही ती कापतो. आई स्वतः उभ्या राहतात, काम झटपट व्हावे म्हणून. त्या दिवशी घरात मुले थोडी गप्प असतात, आणि ताटात कोणी काही टाकत नाही. ते गप्प असणे आम्हाला मोलाचे वाटते.

राहिला नगराच्या इभ्रतीचा प्रश्न. 'हे काही खेडे नाही,' असे सभेत एक सभासद म्हणाले. त्यांना बेलापूरचा थोडा इतिहास सांगतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. बेलापूर, शहाबाज, दिवाळे या गावांत आगरी-कोळ्यांच्या अंगणात कोंबड्या त्याआधीपासून होत्या आणि आजही आहेत. कोंबडी नवी मुंबईत राहायला आलेली नाही; नवी मुंबई तिच्या अंगणात राहायला आली आहे. त्याच सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी याच बेलापुरात १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत उभी केली. कोरिया मूळचे गोमंतकीय कॅथलिक. दादरचे पोर्तुगीज चर्च ज्यांच्या आराखड्यातून आजच्या रूपात उभे राहिले तेच. सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबे, पण घराची भिंत घराला चिकटलेली नाही. प्रत्येकाला आपले उघडे अंगण, आणि सात-सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक. गरिबाला आणि मध्यमवर्गीयाला दाटीतही आभाळाचा तुकडा मिळू शकतो, हे त्यांनी बांधून दाखवले. त्यांतली पुष्कळ घरे आता पाडून मजले चढले आहेत. कुटुंबे वाढली, गरज होती, दोष कोणाला द्यावा? पण बेलापूरची ओळख जगभरचे विद्यार्थी ज्या अंगणांसाठी करून घेतात ती अंगणेच आपण फरशी घालून, मोटार उभी करून, जाळी ठोकून मारून टाकली, तर 'हे खेडे नाही' हे म्हणणे खरे होईल. हे शहर आहे, असे मात्र त्यावरून सिद्ध होणार नाही.

आणि परसातली कोंबडी ही जुन्या जमान्याची खूण आहे असे कोणी समजू नये. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्यादी पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. २०१२च्या तुलनेत ही वाढ सुमारे ४६ टक्के आहे. त्याच काळात व्यापारी पोल्ट्रीतली वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. देशभरची घरे अंगणात कोंबडी सोडत आहेत; आपण तेवढे ती हाकलायला निघालो आहोत.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही पुढील प्रस्ताव मांडणार आहोत. कोंबडा नको, हे आम्हाला मान्य. एका घरी दहापेक्षा अधिक कोंबड्या नकोत. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर आणि जाळीबंद असावे. लसीकरणाची नोंद संस्थेकडे द्यावी. तीन महिन्यांतून एकदा संस्थेच्या दोन सभासदांनी येऊन पाहणी करावी, आणि घाण आढळली तर दंड जरूर करावा. यांतली एकही अट आम्ही मोडली तर आमच्या कोंबड्या आम्ही स्वतः उरणला नेऊन सोडू.

एक अट आमचीही आहे. पाहणीला येणाऱ्या त्या दोघांत, सह्या करणाऱ्या आमच्या धर्मग्रामातल्या चौघांपैकी एक तरी असावा. आई ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. वसईतले त्यांचे घर गेले, विहीर गेली, केळीची बाग गेली. पहाटे उठून त्या काठी टेकत परसात जातात, खुराड्याचे दार उघडतात आणि आठांची मोजणी करतात. सध्या त्या मोजून झाल्यावरही क्षणभर थांबतात, नवव्यासाठी. पाहणीला येणाऱ्याने त्याच वेळी यावे. चहा आम्ही देऊ, आणि जाताना अंडीही देऊ. पहिल्यासारखीच.